सिन्पोच्या गोदीला निर्वाणीचा इशारा

प्योंगयांगच्या राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या मॉस्को-बीजिंगला हा जाहीर इशारा आहे. तो देणाऱ्यांच्या हाती आरमार नाही आणि सुरक्षा परिषदेतला नकाराधिकारही नाही. पण ज्या समुद्रात तुम्ही अण्वस्त्रं उतरवायला निघाला आहात, तो तुमच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर नाही. व्लादिवोस्तोक, नाखोदका, बुसान, निइगाता या बंदरांतून ये-जा करणाऱ्या जहाजांवर भारतीय खलाशी असतात आणि त्यांत आमच्या कोकणातलेही असतात. चेन्नई ते व्लादिवोस्तोक हा जलमार्ग तर भारत आणि रशिया या दोन सरकारांनी मिळून आखला आहे. त्याचा शेवटचा टप्पा तुमच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या जपानच्या समुद्रातून जातो. तेव्हा ‘तुमचा काय संबंध’ हा प्रश्न आम्हाला विचारू नका.

मागण्या आधी सांगतो, कारणं मागून. १० ऑक्टोबर २०२६ पर्यंत तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. ‘हिरो किम कुन ओक’ आणि ‘८.२४ योंगुंग’ या दोन्ही पाणबुड्यांवर, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या कोणत्याही पाणबुडीवर, अण्वस्त्र चढवून त्या समुद्रात सोडणार नाही, अशी जाहीर ग्वाही द्या. समुद्रात पडणाऱ्या प्रत्येक क्षेपणास्त्राची पूर्वसूचना जहाजांना आणि विमानांना द्या. आणि एप्रिल २०२३ पासून तुम्ही उचलायचा बंद केलेला दक्षिण कोरियाचा फोन उचला. तारीख आम्ही पंचांग बघून काढलेली नाही, ती तुमचीच आहे. तुमच्या पक्षाचा तो स्थापना दिवस, आणि नाम्फोच्या गोदीतली तिसरी विनाशिका त्याच दिवसापर्यंत पुरी करा असं तुम्ही तिथल्या कामगारांना बजावलं आहे. पाच हजार टनांची युद्धनौका या मुदतीत होऊ शकत असेल, तर एक निवेदन, एक सूचनापत्रक आणि एक फोन व्हायला अडचण नसावी.

आता कारणं.

गेल्या दहा-अकरा वर्षांत तुम्ही काय काय केलंत हे जगाला दिसलेलं आहे. मे २०१५ मध्ये पुकगुकसाँग-१ हे क्षेपणास्त्र पाण्याखालून बाहेर फेकून दाखवलंत. २४ ऑगस्ट २०१६ रोजी तेच सिन्पोजवळच्या पाण्यातून सुमारे ५०० किलोमीटर गेलं आणि ती तारीखच तुम्ही पाणबुडीच्या नावात गोंदवून ठेवलीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुकगुकसाँग-३ वॉनसानजवळून ९०० किलोमीटरहून अधिक उंच चढलं आणि जपानच्या आर्थिक क्षेत्रात पडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तर तेचॉनच्या जलाशयातून, म्हणजे गोड्या पाण्याखालून, क्षेपणास्त्र सोडलंत. २०२३ च्या मार्चमध्ये पाणबुडीतून दोन क्रूझ क्षेपणास्त्रं सुटली. त्याच महिन्यात ‘हेइल’ नावाचं मानवरहित पाण्याखालचं अण्वस्त्र ५९ तास पोहत राहिलं असं तुमच्या वृत्तसंस्थेने सांगितलं. सप्टेंबरमध्ये ८४१ क्रमांकाची ‘किम कुन ओक’ पाण्यात उतरली. आणि २०२५ च्या नाताळात ८,७०० टनांच्या, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचा सांगाडा तुम्ही छायाचित्रांत मिरवलात.

यादी इथे थांबवतो. तुमच्या कवायतींचं कौतुक करायला हा कागद नाही.

तुमचा युक्तिवादही आम्हाला पाठ आहे. इराककडे अण्वस्त्र नव्हतं, सद्दाम गेला. लिबियाने कार्यक्रम सोडून दिला, गद्दाफी गेला. जमिनीवरची क्षेपणास्त्रं पहिल्याच हल्ल्यात नष्ट होतील, म्हणून काही पाण्याखाली हवीत. या तर्काला आम्ही हसण्यावारी नेत नाही. भारतानेही ‘अरिहंत’ पाणबुडी बांधली ती याच हिशेबाने, आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आमची सही नाही हेही कबूल. पण तुम्ही १९८५ मध्ये त्या करारात आलात, त्याच्या आडोशाने अणुतंत्रज्ञान उभं केलंत आणि जानेवारी २००३ मध्ये दार आपटून निघून गेलात. हा फरक आम्ही विसरणार नाही. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. भारत क्षेपणास्त्राची चाचणी घेतो तेव्हा आधी समुद्राचा तो तुकडा जाहीर करतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात कितीही विस्तव जात नसला, तरी ३ ऑक्टोबर २००५ च्या कराराप्रमाणे बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी किमान तीन दिवस एकमेकांना कळवलं जातं. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती देतात. कारगिलनंतर, २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर, पुलवामानंतरही त्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. वैऱ्याशीही एवढं करता येतं. त्यासाठी मैत्री लागत नाही, शुद्ध लागते.

तुम्हाला पूर्वसूचना देता येत नाही असंही नाही. मे २०२३ मध्ये उपग्रह सोडताना तुम्ही जपानच्या तटरक्षक दलाला आधी कळवलंत, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्येही कळवलंत. म्हणजे पत्ता ठाऊक आहे, यंत्रणाही आहे. फक्त क्षेपणास्त्र सोडताना तुम्ही ताकास तूर लागू देत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने ३१ मे २०२३ ला या वागण्याचा निषेध केला, तेव्हा ‘मग यापुढे कळवणारच नाही’ असं तुम्ही रागाने जाहीर केलंत. मार्च २०१४ मध्ये तोक्योहून शेनयांगला निघालेलं चिनी प्रवासी विमान तुमच्या रॉकेटच्या वाटेवरून, रॉकेट सुटल्यावर काही मिनिटांतच गेलं. त्यात दोनशेहून जास्त माणसं होती आणि ती तुमच्या मित्रदेशाकडे चालली होती. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एका प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी तुमचं ह्वासाँग-१५ वातावरणात परत शिरताना डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही वेळा काही झालं नाही. त्यात श्रेय तुमचं नाही.

पण या इशाऱ्याचं खरं कारण पूर्वसूचना नाही, ती तर किमान सभ्यता झाली. खरं कारण पाणबुडी आहे, आणि तुम्ही ती कोणत्या माणसांच्या हाती, कोणत्या हुकमाने सोडणार आहात, हे आहे.

‘किम कुन ओक’ ही मुळात रोमिओ वर्गाची पाणबुडी. आराखडा १९५० च्या दशकातला, सोव्हिएत. तो चीनमार्गे तुमच्याकडे आला आणि १९७० च्या दशकापासून तुम्ही त्या बांधत राहिलात. तिचं पोट कापून, लांब करून, माथ्यावर दहा झडपांचा कुबड बसवला आणि तिला ‘डावपेचात्मक अणुहल्ला पाणबुडी’ म्हटलं. ती पाण्यात उतरताच दक्षिण कोरियाच्या सेनाप्रमुखांच्या कार्यालयाने ती नीट चालू शकेल असं दिसत नाही, असं सांगितलं. तुम्ही त्याला शत्रूचा अपप्रचार म्हणाल. मग साधी गोष्ट घ्या. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केल वर काढावं लागतं आणि इंजिन चालवावं लागतं. त्या आवाजाच्या शोधात जपानी आणि अमेरिकी विमानं त्या समुद्रावर घिरट्या घालतच असतात. सिन्पोसमोरच्या मायांगदोच्या तळावरून तुमची पाणबुडी सुटली की उपग्रहाला दिसते, स्नॉर्केल काढलं की ऐकू येते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण समुद्रात मूठ झाकून ठेवायला जी खोली आणि जी शांतता लागते, ती तुमच्या बोटीत नाही.

तरीही ती जाईल. आणि गेल्यावर काय होतं, याची दोन उदाहरणं तुमच्याच नौदलाने दिली आहेत.

सप्टेंबर १९९६. गांगन्यंगच्या किनाऱ्यावर तुमची एक छोटी सांगओ पाणबुडी खडकावर अडकली. ती हेरगिरीला आली होती आणि तिच्यात २६ माणसं होती. तिला पहिल्यांदा पाहिलं कोणी, तर रस्त्याने जाणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने. शोध सुरू झाला तेव्हा डोंगरात ११ जण डोक्यात गोळ्या लागून मेलेले सापडले. ते शत्रूच्या गोळ्यांनी मेले नव्हते, त्यांना त्यांच्याच लोकांनी मारलं होतं. बाकीच्यांचा पाठलाग कित्येक आठवडे चालला. जिवंत हाती लागला तो एकच.

जून १९९८. सोकचोसमोर तुमची आणखी एक बुटकी पाणबुडी एका मच्छीमाराच्या जाळ्यात गुरफटली. तुमचं एवढं गुप्त आरमार, आणि ते पकडलं मासे धरायला गेलेल्या माणसाने! ती ओढून आणताना बुडाली. वर काढून उघडली तेव्हा आत नऊ मृतदेह होते, गोळ्या लागलेले. जिवंत सापडायचं नाही हा हुकूम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

आम्ही त्या खलाशांची टिंगल करत नाही. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना दुसऱ्या देशाच्या मेलेल्या खलाशाबद्दलही हळहळ वाटते. पण आता विचारतो. तशीच एखादी बोट उद्या खडकावर बसली, किंवा जाळ्यात प्रोपेलर अडकून तिचं इंजिन बंद पडलं, आणि तिच्या माथ्यावरच्या झडपांखाली अण्वस्त्र असलं, तर ‘शत्रूच्या हाती लागायचं नाही’ हा हुकूम तिचा कॅप्टन कसा पाळेल? तुमच्या नाविक अकादमीत या प्रश्नाचं उत्तर काय शिकवतात?

ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबाच्या पेचप्रसंगात, बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अशाच कोंडीत सापडली होती. बॅटऱ्या उतरलेल्या, आत उकाडा असह्य, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, आणि वरून अमेरिकी विनाशिका इशाऱ्याचे स्फोट करताहेत. बोटीवर अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो होता. युद्ध सुरू झालं आहे असं समजून कॅप्टन तो डागायला तयार झाला. त्याला आवरलं वासिली अर्खिपोव या वरिष्ठ अधिकाऱ्याने. तो ‘नाही’ म्हणाला. एक माणूस नाही म्हणू शकला आणि ते ऐकलं गेलं, म्हणून आज आपण हे लिहितो-वाचतो आहोत. सोव्हिएत व्यवस्था काही लोकशाहीचं माहेरघर नव्हती. तरीही तिच्या पाणबुडीत नाही म्हणायला जागा होती.

तुमच्याकडे ती जागा कुठे आहे ते दाखवा.

२१ मे २०२५ रोजी चोंगजिनच्या गोदीत तुमची दुसरी विनाशिका पाण्यात सोडायची होती. किम जोंग उन स्वतः हजर होते. ती बाजूने सरकवायची ठरली. मागचा भाग घसरला, पुढचा अडकला आणि पाच हजार टनांचं जहाज कलंडलं. निळी ताडपत्री टाकून झाकलेलं ते जहाज दोन दिवसांत सगळ्या जगाने उपग्रहातून पाहिलं. पुढे काय झालं? हा ‘गुन्हेगारी’ निष्काळजीपणा आहे असं जाहीर झालं. गोदीच्या मुख्य अभियंत्यापासून दारूगोळा खात्याच्या उपसंचालकापर्यंत माणसं ताब्यात घेतली गेली. जूनअखेरच्या पक्षाच्या बैठकीआधी जहाज उभं राहिलंच पाहिजे असा हुकूम सुटला. १२ जूनला, म्हणजे अपघातानंतर २२ दिवसांनी, तेच जहाज राजिनच्या गोदीत ‘कांग कोन’ या नावाने पुन्हा पाण्यात सोडण्यात आलं.

गोदीत काम केलेल्या कोणालाही विचारा. कललेल्या जहाजाच्या आत किती पाणी शिरलं, कोणत्या केबल, कोणते पंप, कोणते वेल्ड गेले, हे नुसतं तपासायलाच महिने लागतात. बावीस दिवसांत जहाज ‘बरं’ होत नाही, बावीस दिवसांत ते बरं झालं असं सांगितलं जातं. ज्या अभियंत्याने आधीच ‘उतरवायला अजून वेळ आहे’ असं म्हणायला हवं होतं, तो म्हणाला नाही. आता त्याच्या जागी आलेला तर मुळीच म्हणणार नाही. सिन्पोत ८,७०० टनांच्या पाणबुडीत अणुभट्टी बसवताना वेल्डला चीर दिसली, तर ती वर कळवण्याची हिंमत कोण करेल?

याची दुसरी बाजू आम्ही मुंबईत पाहिली आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’मध्ये धूर भरला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असा दावा नाही. आमच्या चौकश्या रेंगाळतात आणि खरेदी रखडते. पण खालच्या अभियंत्याला बेड्या घालण्याआधी वरच्या माणसाने खुर्ची सोडली. किम जोंग उन, चोंगजिनच्या धक्क्यावर सर्वांत वरचे तुम्ही होतात.

आता यात तुमचा कायदा मिसळा. ८ सप्टेंबर २०२२ ला तुमच्या विधिमंडळाने मंजूर केलं की अण्वस्त्रांच्या नियंत्रणाची व्यवस्था शत्रूच्या हल्ल्याने धोक्यात आली, तर अणुहल्ला ‘आपोआप आणि तत्काळ’ होईल. जमिनीवर हा कायदा भयंकर आहेच. पाण्याखाली तो वेडेपणा आहे, कारण पाणबुडी गप्प होण्याला शत्रूच लागतो असं नाही.

पाणबुड्या गप्प होतात. मार्च १९६८ मध्ये के-१२९ ही सोव्हिएत क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी पॅसिफिकमध्ये बुडाली. ती गोल्फ वर्गाची होती, म्हणजे ज्या वर्गाच्या जुन्या बोटी १९९० च्या दशकात भंगार म्हणून तुम्ही विकत घेतल्यात, त्याच वर्गाची. ९८ माणसं गेली. सोव्हिएत नौदलाला ती सापडलीच नाही, आणि अमेरिकेच्या ‘स्वोर्डफिश’ने तिला धडक दिली असा संशय त्यांच्या कित्येक अधिकाऱ्यांनी आयुष्यभर बाळगला. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली. ती भारताच्या ‘राजपूत’ने केलेल्या डेप्थ चार्जच्या माऱ्याने गेली की स्वतःच्याच सुरुंगांवर, हा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. २०१७ मध्ये अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ सापडायला वर्ष लागलं. २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ ५३ जणांसह गेली, तेव्हा तिच्या शोधासाठी भारताने विशाखापट्टणमहून बचावनौका पाठवली होती. आणि तुमच्याच शेजारी, २६ मार्च २०१० च्या रात्री दक्षिण कोरियाची ‘चोनान’ ही युद्धनौका दुभंगली, ४६ खलाशी गेले. टॉर्पेडोचे तुकडे समुद्रतळातून वर काढून तो तुमचाच आहे असं चौकशी समितीने जाहीर करायला जवळजवळ दोन महिने लागले. तुम्ही आजही ते नाकारता.

तेव्हा विचार करा. अण्वस्त्र घेऊन गेलेली तुमची जुनी रोमिओ एका रात्री ठरलेल्या वेळी संदेश पाठवत नाही. बॅटरी फुटली असेल, व्हॉल्व्ह गेला असेल, वेल्ड उघडला असेल. कदाचित तिला कोणी बुडवलंही असेल. खरं काय ते कळायला दोन महिने लागतील, वर्ष लागेल किंवा ते कधीच कळणार नाही. तुमचा कायदा मात्र ‘तत्काळ’ म्हणतो. सेऊलला विचारावं तर फोन तुम्ही उचलतच नाही. केसाँगचं संपर्क कार्यालय तुम्हीच जून २०२० मध्ये स्फोटाने उडवलंत. २०१८ चा लष्करी करार २०२३ च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी मोडीत निघाला, त्यात सेऊलचाही वाटा आहे. पण दोष कोणाचा हे मोजत बसायला त्या रात्री वेळ नसेल. म्हणून आमची तिसरी मागणी फोनची आहे. ती सर्वांत लहान वाटेल, पण आम्ही ती सर्वांत शेवटी सोडू.

अणुशक्तीवरच्या पाणबुडीबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही तिची छायाचित्रं तेवढीच दाखवता. भारताने आधी कल्पक्कमला जमिनीवर नमुन्याची अणुभट्टी चालवली. ‘अरिहंत’ जुलै २००९ मध्ये पाण्यात उतरली, तिची अणुभट्टी सुरू व्हायला चार वर्षं लागली आणि ती नौदलात दाखल झाली २०१६ मध्ये, तेही रशियाची मदत असताना. जमिनीवर तशी अणुभट्टी चालवून पाहिल्याचं तुम्ही कधी सांगितलेलं नाही. आणि ज्या समुद्रात तुम्ही ती सोडणार, त्याच समुद्राच्या काठावर, व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा उपसागरात, १० ऑगस्ट १९८५ रोजी के-४३१ या सोव्हिएत पाणबुडीत इंधन भरताना अणुभट्टीचा स्फोट झाला होता. दहा माणसं जागीच गेली आणि मॉस्कोने वर्षानुवर्षं ते दडवलं. तुम्हाला अणुभट्टीचं तंत्र देण्याचा विचार आज मॉस्कोत कोणाच्या डोक्यात असेल, तर त्याने आधी चाझ्माचा जुना अहवाल काढून वाचावा.

मॉस्कोला आणखी एक. १९ जून २०२४ ला प्योंगयांगमध्ये करार करून तुम्ही या राजवटीला मित्र केलंत, तिचे सैनिक कुर्स्कला लढायला नेलेत. त्याआधी २८ मार्चला नकाराधिकार वापरून निर्बंधांवर लक्ष ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञमंडळ तुम्ही बंद पाडलंत. २०१७ च्या ठरावाप्रमाणे उत्तर कोरियाला वर्षाला शुद्ध केलेलं तेल जास्तीत जास्त पाच लाख पिंपं देता येतं. तो ठराव तुम्हीही हात वर करून मंजूर केला होता. बीजिंगनेही केला होता. आज ती पिंपं मोजणारं ते तज्ज्ञमंडळ उरलेलं नाही, ही तुमची सोय झाली. पण बंदरं तुमची आहेत. व्लादिवोस्तोक, नाखोदका, कोझमिनो ही तिन्ही जपानच्या समुद्रावर आहेत, आणि कोझमिनोहून निघणारं तेल भारतात येतं.

आणि दिल्लीला. हा प्रश्न दूरचा म्हणून हात झटकू नका. जून १९९९ मध्ये, कारगिलच्या ऐन धुमश्चक्रीत, कांडला बंदरात ‘कु वोल सान’ हे उत्तर कोरियाचं जहाज आपण अडवलं. कागदावर पाणी शुद्ध करायची यंत्रं होती, पेट्यांत क्षेपणास्त्रांचे भाग आणि आराखडे निघाले. त्याच्या आदल्या वर्षी पाकिस्तानने उडवलेलं ‘घौरी’ हे उत्तर कोरियाच्या नोडाँग क्षेपणास्त्राचंच भावंड होतं, आणि बदल्यात अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्यातून सेंट्रिफ्यूजचं तंत्र प्योंगयांगला गेलं. पाकिस्तानने २०१७ मध्ये ‘बाबर-३’ पाण्याखालून सोडलं. सिन्पोमध्ये जे जमेल ते सिन्पोतच राहील असं मानण्याइतके आपण भोळे नाही. डिसेंबर २०२४ पासून प्योंगयांगमधला आपला दूतावास पुन्हा सुरू आहे. फार थोड्या देशांकडे ते दार आहे. तिथल्या राजदूतावासाने हा विषय नुसत्या सदिच्छाभेटीत गुंडाळू नये.

आता पुन्हा प्योंगयांगला, नकाराची किंमत. ती बाँबच्या भाषेत सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पाणबुड्या मायांगदोच्या तोंडाशी तुमची वाट पाहत असतात, आणि युद्ध पेटलं तर पहिल्या तासात कोण बुडेल हे तुमच्या नौदलालाही माहीत आहे. तुमच्यामुळेच ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाला अणुशक्तीवरच्या पाणबुडीसाठी अमेरिकेची संमती मिळाली आणि जपानमध्येही तो विषय उघडपणे बोलला जाऊ लागला. म्हणजे एक बोट पाण्यात सोडून तुम्ही समोर दोन आरमारं वाढवलीत. हा तुमचा डाव, तुम्हीच त्याचा हिशेब करा.

आमच्या हातातलं शस्त्र वेगळं आहे. १० ऑक्टोबरपर्यंत तिन्ही मागण्यांवर काही झालं नाही, तर ११ तारखेपासून आम्ही तुमच्याशी बोलणार नाही. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे जाऊ आणि उत्तर कोरियाच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र भारतीय खलाशांसाठी जोखमीचं क्षेत्र जाहीर करा, अशी मागणी करू. युद्धजोखमीच्या पाण्यात जायला नकार देण्याची तरतूद खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारांत आहे. ती वापरा, असं घरोघरी सांगू. रत्नागिरीत सांगू, मालवणात सांगू, कोचीला आणि तुतिकोरिनलाही सांगू. लंडनच्या विमाबाजारात युद्धजोखमीच्या समुद्रांची यादी करणारी समिती बसते, तिच्यापुढे तुमचा कायदा, ८४१ क्रमांकाच्या पाणबुडीचं छायाचित्र आणि चोंगजिनचं कलंडलेलं जहाज ठेवू. त्या यादीत हा समुद्र गेला की विम्याचा हप्ता वाढेल, आणि तो भरणार आहेत व्लादिवोस्तोक, नाखोदका आणि कोझमिनोला लागणारी जहाजं. मग मॉस्कोतलं कोणीतरी प्योंगयांगला फोन करेल. तो तरी तुम्ही उचलालच.